लाखेच्या कपाटात ठेवलेलं रेझिन

हिरासावा, किसो
९ एप्रिल

तोमोए,

मी शिओरीचा बाप, तोकुजी मोमोसे. मार्चमध्ये तिच्या अंत्यविधीला तू आली होतीस, शेवटच्या रांगेत उभी राहून डोळे पुसत होतीस आणि जेवायलाही न थांबता गाडी पकडायला पळालीस. बोलणं काही झालं नाही. तुझा पत्ता तिच्या खोलीतल्या एका पार्सलवर मिळाला. इकडे अजून बोटं आखडतात, चेरीला कळ्यासुद्धा धड नाहीत. तुमच्या हामामात्सुला फुलं झडूनही गेली असतील.

कामाचं लिहितो. आमच्या घरात माझ्या आजोबांपासून लाखेची भांडी होतात. झाडाचा चीक तो, शिओरीच्या अंगाला लागला की पुरळ उठायचं, म्हणून तिने कधी हातात धरला नाही. मग तुझ्या नादी लागून ते रेझिन धरलं. दोन बाटल्यांतलं पातळ एकत्र करायचं, साच्यात ओतायचं आणि आत फुलं बुडवायची. मी त्याला प्लास्टिकचा मुरंबा म्हणायचो. ती मला लाखेचा खडूस म्हणायची. असं आमचं चालायचं.

परवा तिची खोली झाडायला घेतली. खिडकीपाशी एका डब्यात तळहाताएवढी गोल चकती सापडली. आत निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या, आमच्या परसातल्याच. उचलायला गेलो तर कडेला बोट चिकटलं. ओतून महिना तरी झाला असेल, अजून वाळली नाही! आणि वरच्या बाजूला, बरोबर मध्ये, अंगठ्याचा ठसा आहे. रेघ न रेघ दिसते. वाळलंय का ते बघायला पोरीने दाबलं असणार.

मला ही चकती टणक करून हवी आहे, ठशासकट. ऑगस्टमध्ये तिचा पहिला ओबोन. गेलेलं माणूस पहिल्यांदा घरी येतं, तेव्हा देव्हाऱ्यात ही ठेवायची आहे. फोटो आहेत, कपडे आहेत, पण तिच्या अंगाचं म्हणावं असं एवढंच राहिलंय. बाकी सगळं जाळून आलो.

लाख म्हणशील तर झोपेतसुद्धा वाळवेन. पण या तुमच्या मुरंब्यातलं मला ओ की ठो कळत नाही. काय करू ते लिही. फोनवर सांगू नकोस, मला ऐकू कमी येतं आणि नको तेव्हा रडू येतं.

तोकुजी

हामामात्सु
१५ एप्रिल

काका,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. शिओरी म्हणायची, बाबा लिहितात तेसुद्धा ब्रशने लाख ओढल्यासारखं. नवऱ्याने विचारलं, कुणाचं गं? म्हटलं, शिओरीच्या बाबांचं.

तुम्ही विचारलंत त्याचं सांगते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या बायका रोज हेच रडगाणं घेऊन येतात, सुकत नाही, सुकत नाही. बहुतेक वेळा रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मापात पडलेलं नसतं. नाहीतर ढवळताना घाई केलेली असते, पेल्याच्या कडेचं आणि बुडाचं खरवडून घेतलेलं नसतं, मग कुठे टणक, कुठे चिकट होतं. आणि खोली गार असली तर ते नुसतं रेंगाळतं. गारठ्यामुळे असेल तर घाबरायचं कारण नाही, ऊब मिळाली की सावकाश का होईना, धरतं. माप चुकलं असेल तर मात्र कितीही थांबा, उपयोग नसतो. शिओरीने हे फेब्रुवारीत ओतलं होतं. तुमच्याकडचा फेब्रुवारी म्हणजे विचारायलाच नको! तेव्हा गारठ्याचंच कारण आहे असं धरून चालू या.

उबेत ठेवा. धूळ बसू देऊ नका, चिकट अंगावर बसलेली धूळ निघत नाही. खरं तर तुम्ही भांडी जिथे वाळवता तिथेच ठेवा ना. त्या कपाटात धुळीचा कणही जात नाही, असं शिओरी सांगायची. तुमच्याइतकं वाळवण्यातलं मला तरी काय कळणार! फक्त हात लावू नका, फुंकर मारू नका.

ठशाचं नंतर बघू.

जेवता ना वेळेवर? नुसत्या लोणच्यावर दिवस काढत असाल, शिओरीला तीच काळजी होती.

तोमोए

हिरासावा
२८ एप्रिल

तोमोए,

तू सांगितलंस तसं केलं. दुसऱ्या दिवशीच चकती कपाटात नेऊन ठेवली, माझी बरीचशी भांडी काढून तिला मधली फळी दिली. सून आली की तिला चांगली खोली देतात तसं. आता रोज उठलो की आधी कपाटाचं बघतो, जसं बघायचं असतं तसं, एक दिवस चुकवत नाही. वाळवण्यातलं मला कुणी शिकवायला नको. तुझ्या पत्रात एवढं एक वाक्य शहाणपणाचं होतं.

अजून काही फरक नाही. पण मला घाई नाही. लाखेतसुद्धा हट्टी भांडी असतात.

टॉर्च तिरपी धरली की ठसा असा काही उठून दिसतो, की काय सांगू. मी त्याला रोज सांगतो, आज अमक्याकडे गेलो, आज तमक्याने वाट्या मागवल्या. वेड लागलंय म्हणशील. लागू दे.

एक गोष्ट विचारायची होती. ठशावर आडवी एक बारीक रेघ आहे, अंगठा कधीतरी चांगला कापून भरून आल्यासारखी. शिओरीला हे कधी कापलं? एवढं कापलं तर टाके पडले असतील. एका घरात राहून बापाला पत्ता नाही. मला तेच सारखं खातं. तुला सांगितलं होतं का तिने?

लोणच्यावर दिवस काढत नाही. सोबाच्या शेवया उकडतो, शेजारची ओकिए मुळा देते. काळजी करू नको.

तोकुजी

हामामात्सु
६ मे

काका,

इतके दिवस उबेत राहूनही फरक पडला नाही, म्हणजे गारठ्याचं कारण नव्हतं. माप चुकलेलं आहे. तिच्या हाताला त्या आजारात किती कापरं भरायचं, तुम्ही पाहिलंच आहे. हार्डनर जास्त पडलं असणार. मनाला लागेल, तरी सांगते, ती चकती आपली आपण कधीच टणक होणार नाही. ओबोनपर्यंत नाही आणि पुढच्या ओबोनपर्यंतही नाही.

उपाय आहे. वरचा चिकट थर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून काढायचा आणि नीट मापलेल्या रेझिनचा पातळ थर वरून ओतायचा. ओतायला मी येईन, नाहीतर तुम्ही चकती पाठवा. पाकळ्या जशाच्या तशा राहतील, काचेसारखं होईल.

ठसा मात्र जाईल. न पुसता नुसतं वरून ओतलं तर ठसा आत राहील खरा, पण दिसणार नाही, पारदर्शकात पारदर्शक मिसळून जातं. आणि खालचं चिकटच राहिलं तर वरचा थर कधी सुटेल, सांगता येत नाही.

काका, माझं ऐका. पुसून टाका. त्या ठशात जीव अडकवू नका.

तोमोए

हिरासावा
१० मे

तोमोए,

पुसून टाका म्हणे! टेबलावर सांडलेला चहा आहे का तो?

तुला तिच्याबरोबरची कॉलेजची वर्षं आहेत, सहली आहेत, मला न सांगितलेल्या शंभर गोष्टी आहेत. मला एक अंगठा आहे. तोही तुला बघवेना. कापल्याचं विचारलं त्याला तर उत्तरही दिलं नाहीस. सांगितलं असेल तिने तुला, बापाला सांगू नको म्हणून. ठेव तुझ्यापाशी.

चकती मी पाठवणार नाही. वाळायची तेव्हा वाळेल. आता लिहू नकोस, मीही लिहीत नाही.

तोकुजी

हामामात्सु
१९ जून

काका,

लिहू नको म्हणालात, तरी लिहितेय. रागावलात तर रागवा, नाहीतरी माझ्यावर रागवायला तुमच्याशिवाय आहे कोण? आई गेल्यापासून मला कुणी ओरडलेलंच नाही.

मी फार तुटकपणे लिहिलं. माफ करा. तो ठसा तुम्हाला ठेवायचा असेल तर ठेवा. चिकट तर चिकट. वरून काचेचा पेला उपडा घाला, म्हणजे धूळ बसणार नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. इकडे पाऊस लागलाय, तुमच्याकडेही लागला असेल. ओल सांभाळा. हार्डनर जास्त झालेल्या रेझिनला दमट हवा अजिबात चालत नाही, वर पांढरट, तुपकट साय धरते. माझ्याच दोन चकत्या या आठवड्यात गेल्या. कपाट कोरडं आहे ना? कोरडं असेल तर काळजी नाही.

तोमोए

हिरासावा
२४ जून

तोमोए,

तुझं पत्र मी दारात उभ्यानेच वाचलं. आणि चपला काढायचं भान न राहता कपाटाकडे धावलो.

लाख ओलीत वाळते, पोरी. कोरड्या हवेत ती वाळतच नाही. आमचं कपाट म्हणजे आत ओली फडकी लावलेलं, फळ्यांना रोज पाणी मारलेलं, दमट ठेवलेलं कपाट. जितकी ओल चांगली तितकी लाख छान धरते. या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तू म्हणालीस तुमच्या कपाटात ठेवा, मी ठेवलं. एप्रिलपासून रोज फळ्यांना पाणी मारलं. तिला म्हणून मधल्या फळीला दुप्पट मारलं. गेले पंधरा दिवस कंबर धरली होती, तर टॉर्च घेऊन वाकायला जमत नव्हतं, पण चाचपडत पाणी मारायचं काही चुकवलं नाही.

पांढरी साय धरली आहे. तू लिहिलीस तशीच, तुपकट. टॉर्च सरळ धरली, तिरपी धरली. ठसा नाही. पाकळ्यासुद्धा धुक्यात गेल्यासारख्या दिसतात.

तू पुसून टाक म्हणालीस तर मी तुला काय काय बोललो! आणि मीच पुसला, रोज थोडा थोडा, जपून. ओकिए आवाज ऐकून आली, तिला वाटलं मला झटका आला.

काही करता येतं का गं? सायीखाली असेल का अजून? तू सांगशील ते करतो. काहीही कर, पण तो अंगठा मला परत दे.

तोकुजी

हामामात्सु
२८ जून

काका,

आधी हे वाचा, मग बसून पुन्हा वाचा. तो अंगठा शिओरीचा नव्हता. माझा होता.

ती आडवी रेघ माझ्या अंगठ्यावर आहे, साचा कापताना सुरी लागली होती. शिओरीला कधी काही कापलं नाही. तुमच्यापासून तिने काही लपवलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तुमच्याकडे येऊन गेले, आठवतं? तुम्ही खाली गिऱ्हाइकाला वाट्या दाखवत होता. ती पलंगावर टेकून बसली होती. औषधांनी तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, रेघाच राहिल्या नव्हत्या. फोनसुद्धा बोटाने उघडत नव्हता तिचा. त्यात बोटं बधिर. मला म्हणाली, "तोमो, ही जरा दाबून बघ ना, सुकलीय का? मला मेलीला बोटांना काही कळत नाही."

मी दाबली. अंगठा रुतला. मी तो हळूच सोडवून घेतला आणि म्हटलं, "सुकली की! कशी टणक झालीय बघ."

तिला इतका आनंद झाला, काका. म्हणाली, "बाबांच्या चहाच्या पेल्याखाली ठेवायला केलीय. आयुष्यभर मुरंबा मुरंबा म्हणून चिडवलं ना, आता रोज मुरंब्यावर चहा ठेव म्हणावं." आणि हसता हसता खोकत बसली. त्यानंतर पुन्हा तिने काही ओतलं नाही. ती शेवटचीच. मला वाटलं होतं, पुढच्या वेळी येऊन वरून थर देईन, तिला कळणारही नाही. पुढची वेळ अंत्यविधीचीच आली.

तुमच्या पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, तिच्या अंगाचं एवढंच राहिलंय. ते वाचल्यावर कुठल्या तोंडाने सांगायचं होतं? म्हणून ठशाचं टाळत गेले. म्हणून पुसा पुसा करत होते. रोज उठून तुम्ही माझ्या अंगठ्याशी बोलता हे मला सहन होईना. आज मात्र तुम्ही स्वतःला दोष देत बसलात, तेही मला सहन होत नाही. तुम्ही तिचं काहीही पुसलेलं नाही.

साय कोमट पाण्याने निघते. मऊ फडकं घ्या, हळू पुसा, अल्कोहोल नको. पाकळ्या खाली तशाच असतील.

मला शिव्या द्या. पण उत्तर द्या.

तोमोए

हामामात्सु
२५ जुलै

काका, महिना झाला. जेवताय ना, एवढंच एका ओळीत कळवा. नाहीतर मी ओकिएबाईंना लिहीन.

तोमोए

हिरासावा
१८ ऑगस्ट

तोमोए,

ओकिएला तू लिहिलंसच. ती पत्र घेऊन माझ्या डोक्यावर उभी आहे, म्हणून बसलो लिहायला. तसंही लिहिणारच होतो.

तुझ्या त्या पत्राचा आधी फार राग आला. फाडायलाच घेतलं होतं. ठसा गेला तर गेला, पण माझ्या पोरीचा म्हणून गेला असता तर मला रडायला तरी आलं असतं. तू तेही काढून घेतलंस. महिनाभर कपाट उघडलं नाही. भांडीही केली नाहीत. परक्या बाईच्या अंगठ्याला मी गावभरच्या गोष्टी सांगत होतो, या विचाराने माझीच मला लाज वाटायची.

मग ओबोन आला. रीत असते, करावंच लागतं. तिला लवकर घरी यायला काकडीचा घोडा केला, सावकाश परत जायला वांग्याची गाय केली. गायीचा एक पाय सारखा गळून पडत होता. तिला वाट दिसावी म्हणून दारात जाळ पेटवला. आणि देव्हाऱ्यात काय ठेवायचं म्हणून शेवटी ती चकती काढली.

कोमट पाणी घेतलं. तान्ही असताना तिची आई तिला तसंच न्हाऊ घालायची, कोपराने पाणी बघून. मी लांबून बघायचो, माझ्या हाताला लाख असायची, जवळ जायची सोय नव्हती. आता धुतली. साय निघाली गं. खाली निळं सगळं तसंच होतं, एक पाकळी दुमडलेली, ती तिने मुद्दाम दुमडली की हात थरथरला, कोण जाणे. ठसा नव्हता. आणि चिकटपणा होता तसाच.

तू लिहिलं होतंस, माप तिचा हात थरथरला म्हणून चुकलं. म्हणजे हा चिकटपणा तरी तिचाच म्हणायचा. तेव्हा वरून थर नको. ती टणक करून घ्यायची नाही मला.

चहा केला आणि पेला तिच्यावर ठेवला, तिची इच्छा होती म्हणून. घोट घ्यायला उचलला तर मुरंबाही पेल्याबरोबर वर आला! एकटाच हसलो, मोठ्याने. ती असती तर लोळली असती.

पेला सोडवला आणि मग मी माझा अंगठा तिच्यावर टेकवला. इतके दिवस हात लावू नका म्हणत होतीस, आता जपायचं तरी काय होतं? दाबला, उचलून बघितला. काही उमटलं नाही. आमच्यात भांड्यावर शेवटची झळाळी उघड्या बोटांनी काढतात, तेल आणि शिंगाची भुकटी घेऊन. जन्मभर तेच केलं, माझ्या बोटांना रेघाच उरल्या नाहीत. नुसती एक गुळगुळीत खोलगट जागा दिसली, तीही रबर दाबल्यासारखी बघता बघता भरून आली.

तेव्हा मनात आलं, तिची बोटंही तशीच झाली होती ना? तूच लिहिलंस. तुला दाबायला सांगायच्या आधी तिने स्वतः दाबून बघितलं नसेल का? माझी पोर ती, उतावळी. पातेल्यातलं वांगं शिजलं का म्हणून दहादा झाकण उघडणारी. बघितलंच असणार, तोमोए. कितीदा तरी बघितलं असणार. फक्त उमटलं नाही.

मग मी अंगठा परत तिथेच टेकवला. या वेळी काढायची घाई केली नाही. चांगला चिकटून बसला होता, तसाच राहू दिला आणि मार्चपासून पहिल्यांदा पोटभर रडलो.

तोकुजी